हेल्मेट होतं, सीटी नॉर्मल आहे, मग पोराचं डोकं अजून का दुखतंय?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुमचा मुलगा, वय २१, रात्री घोडबंदर रोडने कासारवडवलीला घरी येत होता, मेट्रोच्या बॅरिकेडजवळ ओल्या खडीवर बाईक घसरली, स्पीड ३५-४० असेल, हेल्मेट आयएसआयचं, पट्टाही लावलेला, डोक्याला साधं खरचटलंही नाही, सीटी स्कॅन नॉर्मल म्हणून दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. आता ११ दिवस झाले तरी डोकं दुखतंय, ट्यूबलाइट सहन होत नाही, बोलता बोलता शब्द सापडत नाही, चिडचिड वाढलीये, आणि घरातले काका-मामा म्हणतायत परीक्षा जवळ आली म्हणून नाटकं चाललीयेत. तुम्ही विचारलंय की हे नाटक आहे का, हेल्मेट असून असं कसं झालं, मग घालून उपयोग काय, आणि तेच हेल्मेट परत वापरायचं का.

आधी एक गोष्ट, मी डॉक्टर नाही. मेकॅनिकलचा माणूस आहे, राहतो ऐरोलीला, नवी मुंबईत एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, आणि गेली २० एक वर्षं डोक्याला मार लागतो म्हणजे नेमकं काय होतं याच्या मागे आहे, म्हणजे हेल्मेट वरून खाली टाकायची, आत सेन्सर लावायचे, आणि कम्प्युटरवर कवटी-मेंदूचं मॉडेल आपटायचं. औषध, गोळ्या, परत एमआरआय करायचा का, हे न्यूरोच्या डॉक्टरांना विचारा, आणि लवकर विचारा. पण मार कसा बसला ते मी सांगू शकतो.

नाटक आहे असं मी अजिबात धरणार नाही. सीटीत काय दिसतं, तर फुटलेलं हाड आणि साचलेलं रक्त. ते दिसलं नाही ही चांगली बातमी आहे, ऑपरेशनची भानगड टळली. पण मेंदूतले तंतू, ज्यांना अ‍ॅक्सॉन म्हणतात, ते जाडीला १ मायक्रॉनच्या आसपास, तुमच्या केसाच्या कितीतरी पट बारीक, आणि सीटीचा एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. तंतू ताणला गेलाय की नाही हे त्यात दिसणारच नाही. त्यामुळे कन्कशनचं, म्हणजे झटक्याने मेंदूला झालेल्या अशा इजेचं, निदान डॉक्टर पेशंटला काय होतंय ते ऐकून आणि तपासून करतात, फिल्म बघून नाही. मामांना एवढं सांगा.

आता हेल्मेट असून कसं, त्याला जरा वेळ लागेल.

बहुतेकांच्या डोक्यात चित्र असं असतं की कवटी म्हणजे सुका नारळ आणि मेंदू म्हणजे आत सुटलेला गोटा, हलवला की खडखड वाजतो, आपटला की आतून भिंतीवर आदळतो. हे चित्र चुकीचं आहे. कवटीत मोकळी जागा जवळजवळ नसतेच. मेंदू साधारण १३००-१४०० ग्रॅमचा, भोवती पाण्यासारख्या द्रवाचा पातळ थर (मेंदू आणि मणक्याचं मिळून हे सगळं पाणी जेमतेम १५० मिली), आणि बाकी सगळं खच्चून भरलेलं. अमेरिकेत डेट्रॉइटच्या वेन स्टेट युनिव्हर्सिटीत वॉरन हार्डी आणि मंडळींनी देहदान केलेल्यांच्या मेंदूत बारीक खुणेचे मणी बसवून, हायस्पीड एक्सरेने मार बसताना बघितलं तर ते मणी कवटीच्या मानाने पाचेक मिलिमीटर हलले, आणि तेही सरळ जाऊन भिंतीला न धडकता छोट्याशा वळशात, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे.

मग इजा कशाने होते? हे सगळ्यात आधी नीट सांगितलं ते होलबर्न नावाच्या ऑक्सफर्डच्या एका फिजिक्सवाल्याने, १९४३ मध्ये, युद्ध चालू असताना. त्याच्या आधीची गोष्ट अशी की १९३५ मध्ये लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून जो प्रसिद्ध होता तो टी. ई. लॉरेन्स बाईकवरून पडून गेला, डोक्यावर काही नव्हतं. त्याला बघायला जे डॉक्टर बोलावले त्यात ह्यू केर्न्स नावाचा न्यूरोसर्जन होता. त्याने पुढे मिलिटरीच्या बाईकवाल्या निरोप्यांच्या डोक्याच्या जखमांचा नीट अभ्यास केला, १९४१ मध्ये तो छापला, आणि हेल्मेट सक्तीचा आग्रह तिथून जोरात सुरू झाला. होलबर्न त्याच्याच बरोबर काम करायचा. त्याने मेंदूच्या जागी जिलेटिन भरलं आणि म्हणाला की हा पदार्थ दाबला जात नाही, पाण्यासारखाच, पण पिळला मात्र अगदी सहज जातो. आकड्यात सांगायचं तर मेंदू दाबायला जितका जोर लागेल त्याच्या लाखाव्या हिश्शातल्या जोरात तो पिळला जातो. म्हणून डोकं सरळ रेषेत थांबलं तर मेंदूला तितकं होत नाही, पण गर्रकन फिरलं तर होतं.

हे वर्गात कितीही सांगितलं तरी पोरं नुसती मान डोलावतात. म्हणून मागच्या वर्षी मी खरवस नेला. खरंच. ओळखीच्या तबेल्यातून चीक आणला, पारदर्शक प्लास्टिकच्या गोल डब्यात काठोकाठ भरून वाफवला (बायकोचं मत होतं की मी खाण्याची नासाडी करतोय, ते बरोबरच होतं), गार झाल्यावर केशरी रंगात बुडवलेली दाभणाची सुई टोचून वरच्या अंगाला केंद्रापासून कडेपर्यंत सरळ रेघा काढल्या, वर झाकण घट्ट. आधी डबा घडी केलेल्या सतरंजीवर सरळ खाली दाणकन आपटला. रेघा जशाच्या तशा. परत आपटला, थोडं पाणी सुटलं, रेघा तशाच. मग तोच डबा एका फिरत्या चकतीवर ठेवून झटक्यात पाव चक्कर फिरवून एकदम थांबवला. काठाजवळच्या रेघा वाकल्या, एक-दोन ठिकाणी खरवसला बारीक भेगा पडल्या, आणि मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, सर हे तर फुटलंच नाही बाहेरून. तेच तर सांगायचं होतं. डबा शाबूत, झाकण शाबूत, आतला माल पिळवटला. खरा मेंदू खरवसापेक्षाही मऊ असतो, हेही लक्षात घ्या.

आता तुमच्या मुलाच्या पडण्याकडे येतो. बाईकवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर. बाईक घसरून तो आडवा पडला, म्हणजे समोर कशाला थेट धडकला नाही, तर डोकं खाली येताना त्याचा उभा वेग ताशी १९-२० किलोमीटरच्या आसपास असतो, मग बाईक २० ने असो की ६० ने. हा उभा वेग मारायचं काम हेल्मेट करतं, आणि झकास करतं. याचं एक सोपं गणित आहे, घरी कुणीही करावं: पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर, म्हणजे किती जी चा (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट) मार बसला ते सरासरीने कळतं. उघडं डोकं डांबरावर समजा ३ मिलिमीटरमध्ये थांबलं तर १५०० भागिले ३, म्हणजे ५०० जी. हेल्मेटच्या आतला थर्माकोल २५ मिलिमीटर दबला तर १५०० भागिले २५, ६० जी. शिखराचा आकडा याच्या दुप्पट वगैरे जातो पण फरक बघा तुम्ही. पाचशेला कवटी फुटते, साठला फुटत नाही. मुलाला खरचटलंही नाही ते याच्यामुळे, नाहीतर आज आपण वेगळंच काही बोलत असतो.

पण उरलेला आडवा वेग, ते ३५-४०, तो कुठे जातो? हेल्मेट खडबडीत रस्त्याला टेकलं की रस्ता त्याची कड धरतो. अंग पुढे चाललंय, हेल्मेटची कड मागे अडकलीये, की डोकं मानेवर झटक्यात फिरतं, काही मिलिसेकंदांचा खेळ. थर्माकोल हे फिरणं फारसं मारू शकत नाही, कारण तो दबायला बनवलाय, सरकायला नाही. झाला खरवसचा दुसरा प्रयोग.

आणि यात वेग महत्त्वाचा. गोळीबंद पाक कोमट असताना हळू ओढला तर तार निघते, हिसका दिला की तुटतो. मेंदूतले तंतू तसेच आहेत, रोजच्या हलण्या-वळण्यात ताणले तरी काही होत नाही, पण तोच ताण सेकंदाच्या काही हजाराव्या हिश्शात बसला तर आतले सूक्ष्म रूळ मोडतात. रूळ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. प्रत्येक तंतूच्या आत मायक्रोट्यूब्यूल नावाचे लांब रूळ असतात आणि त्यावरून पेशीचा माल इकडून तिकडे जातो. कळवा-मुंब्र्याच्या मधे रूळ तुटला की लगेच सगळं बंद पडत नाही, पण अर्ध्या तासाने ठाण्याच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नसते, तसं मोडलेल्या जागेच्या अलीकडे माल साचत जातो, तंतू फुगतो, आत कॅल्शियम घुसतं, आणि हे सगळं तासांत, काही वेळा दिवसांत वाढतं. म्हणून पडल्यावर मुलगा ठणठणीत उभा राहिला, स्वतः फोन केला, आणि त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू झाला, यात विचित्र काही नाही.

याचं टोकाचं रूप डॉक्टरांनी फार आधी पाहिलं होतं. १९५६ मध्ये सबिना स्ट्रिच नावाच्या इंग्लंडमधल्या पॅथॉलॉजिस्टने अशा पेशंट्सचे मेंदू तपासले जे अपघातानंतर भानावर आलेच नाहीत पण कवटी धड होती, आणि तिला आतल्या पांढऱ्या भागाचे तंतूच्या तंतू मेलेले दिसले. मग १९८२ मध्ये पेनसिल्व्हेनियात गेनारेली हा सर्जन आणि थिबॉल्ट हा इंजिनिअर यांनी माकडांचं डोकं कशावरही न आपटता नुसतं वेगात फिरवून तसाच कोमा घडवून दाखवला, आणि डोकं एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे फिरलं की सगळ्यात वाईट हेही दाखवलं. वाचताना मलाही बरं वाटत नाही, त्या लॅबवरून पुढे प्रचंड गदारोळ झाला आणि ते काम बंद पडलं, पण आपटल्याशिवायही मेंदू जखमी होतो हे त्याच्यानंतर कुणी नाकारू शकलं नाही. तुमच्या मुलाचं प्रकरण त्या टोकाचं नाही, घाबरू नका, तो त्याच रस्त्याच्या अगदी अलीकडच्या टोकाला आहे.

मग तुम्ही विचाराल की एवढं १९४३ पासून माहितीये तर हेल्मेट त्यासाठी का नाही बनवत. याचं उत्तर जरा लाजिरवाणं आहे. मोजायला सोपं होतं ते मोजलं. वेन स्टेटमध्येच लिसनर हे इंजिनिअरिंगचे प्रोफेसर आणि गुर्जियन हे न्यूरोसर्जन, दोघांनी मिळून कवटी कितीला तडकते ते मोजलं, त्यासाठी देह लिफ्टच्या खड्ड्यात वरून सोडले होते, त्यातून १९६० च्या सुमाराला एक वक्ररेषा आली, त्यातून पुढे डोक्याला बसलेला मार मोजणारा एचआयसी नावाचा आकडा आला, आणि गाड्यांच्या क्रॅश टेस्टमध्ये तो बरीच वर्षं १००० च्या खाली ठेवायचा असं ठरलं. या आकड्यात डोकं किती फिरलं याचा हिशोबच नाही, फक्त सरळ रेषेतला धक्का. हेल्मेटच्या टेस्टसुद्धा दशकानुदशकं त्याच वळणाच्या, डोक्याच्या आकाराचा धातूचा गोळा हेल्मेट घालून सरळ खाली ऐरणीवर सोडायचा. आपल्याकडच्या हेल्मेटच्या मानकातली, आयएस ४१५१ मधली, मुख्य टेस्ट अशीच. युरोपच्या नवीन २२.०६ नियमात आता ४५ अंशाच्या तिरक्या, खरखरीत ऐरणीवर हेल्मेट सोडून डोकं किती फिरतं ते मोजतात. ताशी २९ किलोमीटरने. म्हणजे तुमच्या मुलाचं पडणं, जवळजवळ तसंच.

स्वीडनमध्ये फॉन होल्स्ट नावाच्या न्यूरोसर्जनने हीच उणीव बघून स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या पीटर हाल्डिनला गाठलं आणि त्यातून मिप्स नावाचं अस्तर निघालं, जे हेल्मेटच्या आत १०-१५ मिलिमीटर सरकतं आणि फिरण्याचा थोडा वेग खातं. चांगली कल्पना आहे. पण जास्त पैसे मोजून ते घ्या असं मी सांगणार नाही, कारण आपल्याकडे त्याच्या आधीची पायरीच कच्ची आहे. स्टेशनबाहेर पथारीवर मिळणारं टोपीवालं हेल्मेट माझ्या पोरांनी करवतीने कापलं तर आत थर्माकोलच्या जागी पातळ स्पंज, जेमतेम पाव इंच. वरच्या गणितात घालून बघा, ६ मिलिमीटर, तेही स्पंज, तो दबून संपतो आणि मग प्लास्टिक आणि हाड. ते पोलिसासाठी असतं, डोक्यासाठी नसतं. आणि पट्टा न लावलेलं हेल्मेट तर पडायच्या आधीच निघून जातं, मालक नंतर पडतो.

हेल्मेटचा उपयोग काय याला आकडाच हवा असेल तर कॉक्रेन या संस्थेच्या २००८ च्या पाहणीत, जिथे जगभरचे अभ्यास एकत्र तपासले, हेल्मेटमुळे बाईकवाल्यांचा मरायचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी निघाला. उरलेल्यात हे फिरण्याचं प्रकरण बरंच आहे. आणि आपल्या देशात एकट्या २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक गेले, त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. मागे बसलेले म्हणजे कोण, तर बहुतेकदा बायको, आई, बहीण. ताई, तुम्ही त्याच्या मागे बसता तेव्हा घालता का? विचारून ठेवतो.

थोडं विषयांतर. या विषयात आपला एक माणूस होता, दिनेश मोहन, पवई आयआयटीतून मेकॅनिकल केलं, मिशिगनला बायोइंजिनिअरिंगमध्ये पीएचडी, आणि मग दिल्ली आयआयटीत आयुष्य घातलं, २०२१ मध्ये कोविडने गेले. अमेरिकेत असताना त्यांनी खिडकीतून, जिन्यावरून पडलेल्या लहान मुलांच्या केसेस घेतल्या, किती उंचीवरून, कशावर, कसं पडलं हे एकेक मांडून मुलांचं डोकं किती सोसतं त्याचा अंदाज काढला, १९७९ मध्ये तो छापून आला. प्रयोग न करता, घडलेल्या अपघातातून. मला हे जास्त आवडतं. तुम्ही जे लिहिलंय, ओली खडी, बॅरिकेड, डावीकडे पडला, हेल्मेटच्या डाव्या कानशिलावर ओरखडा, ते इतकं नेमकं आहे की त्यावरून मी कम्प्युटरवर त्याचं पडणं बरंचसं उभं करू शकतो.

कॉमेंटमध्ये कुणीतरी सुतारपक्ष्याचं विचारलंय, तो दिवसभर टकटक करतो त्याला कसं काही होत नाही, त्याच्या डोक्यात शॉकअब्सॉर्बर असतो ना. नाही. येऊरच्या जंगलात सकाळी गेलात तर ऐकू येईल, ते डोकं हातोडीसारखं कडक असतं, २०२२ मध्ये अँटवर्पच्या मंडळींनी हायस्पीड कॅमेऱ्याने ते दाखवलं, शॉकअब्सॉर्बर असता तर लाकूडच फुटलं नसतं. तो वाचतो कारण मेंदू इवलासा आहे, आणि फिरण्याचा पीळ मेंदूच्या आकाराबरोबर वाढतो. आपला मोठा, म्हणून आपण कमनशिबी. शिवाय तो सरळ टोचतो, फिरवत नाही.

आणि दहीहंडीचं ज्यांनी विचारलंय, ठाण्याच्या शेजारी राहून हा विषय टाळता येत नाही, तर ६ मीटरवरचा गोविंदा रस्त्यावर उघड्या डोक्याने आला तर ६००० भागिले ३, तुम्हीच करा. हेल्मेट घातलं तरी ६००० भागिले २५, म्हणजे २४०, तेही थर्माकोल तेवढ्यात पुरला तर. खाली जाड गाद्या नसतील तर थर लावू नका, एवढंच.

परत तुमच्याकडे. आता काय करायचं हे डॉक्टर ठरवतील पण आमच्या कामातून जे ठाम माहितीये ते असं, की पूर्ण बरं होईपर्यंत डोक्याला दुसरा झटका बसता कामा नये, कारण ताणलेला तंतू दुसऱ्या वेळी कमी ताणातही जातो. म्हणजे बाईक बंद, कबड्डी बंद, आणि खड्ड्यातून जाणाऱ्या रिक्षात मागे आदळत बसणंही शक्यतो नको. पहिल्या एक-दोन दिवसांनंतर अंधाऱ्या खोलीत पडून राहायला आता डॉक्टर सांगत नाहीत, हळूहळू थोडं वाचन, थोडं चालणं, त्रास वाढला की थांबायचं. बहुतेक तरुण पोरं काही आठवड्यांत पूर्ववत होतात. पण वारंवार उलटी, झोपेतून उठवता न येणं, फिट, एका डोळ्याची बाहुली मोठी, हातापायात कमजोरी, नाका-कानातून पाण्यासारखं काही येणं, यातलं एकही दिसलं तर रात्र बघू नका, सरळ न्यूरोसर्जन असलेल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला. आणि परीक्षेचं, डॉक्टरांकडून लिहून घेऊन कॉलेजला द्या, मी स्वतः अशा दोन पोरांना पुढच्या वेळी बसवलंय.

हेल्मेट परत वापरायचं नाही. बाहेरून एक ओरखडा दिसतोय पण आतलं कापड काढून त्या बाजूच्या थर्माकोलवर अंगठा फिरवा, दबलेली जागा हाताला लागेल, किंवा लागणारही नाही, तरी नको. तो थर्माकोल एकदाच दबतो, परत फुगत नाही, आणि आता तिथे २५ मिलिमीटर राहिलेले नाहीत. नवीन घेताना पट्टा लावून हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जातील इतकं, आणि हेल्मेट धरून डोकं हलवलं तर गालाची कातडी बरोबर हलली पाहिजे, आत डोकं फिरता कामा नये. जुनं फेकताना पट्टा कात्रीने कापून टाका आणि काच काढून घ्या, नाहीतर भंगारवाला ते पुसून पुढच्या आठवड्यात कुणाला तरी दीडशेला विकेल.